साडेआठ ते पावणेनऊ

"हॅलो?… हां, ताई! बरं झालं तूच केलास. अगं, तुझं ते सॉफ्टवेअर डोक्यावर पडलंय."

धाकटीने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला, मांडीवरच्या तान्ह्याची मान सावरली आणि मोकळ्या हाताने लॅपटॉप पुढे ओढला. गळ्यातली शिवणाची टेप बाळाच्या नाकावर लोंबत होती, ती तिने फुंकरीने बाजूला केली.

"मोठ्याने कशी बोलू? झोपलंय… हो, मांडीवरच. दुसरीकडे कुठे झोपतं ते?"

"हो, हो… तू सांगितलंस तस्संच केलं. आकडे भरले, ‘विश्लेषण’ दाबलं. तर म्हणतंय, तासाला चारशे अठ्ठ्याऐंशी गाड्या!… अगं, ऐक ना. मी खिडकीत बसून मोजल्यात. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. अख्खी वही भरली."

तासाला सहाशे गाड्या असतील तरच सिग्नल, असा नगरपालिकेचा नियम होता. धाकटीच्या खिडकीखालच्या रस्त्यापलीकडे पाळणाघर. गेल्या आठवड्यात एक मोटारसायकल पाळणाघराच्या मावशींचं कोपर खरवडून गेली, तेव्हा मावशींच्या दुसऱ्या हातात धाकटीच्या पाच वर्षांच्या लेकीचा हात होता. धाकटी तक्रार घेऊन नगरपालिकेत गेली. इंजिनियर साहेब म्हणाले, सकाळी आठ ते नऊ मोजा, हिशोब या सॉफ्टवेअरमधून काढून शुक्रवारी चारच्या आत पाठवा. ते फुकट मिळतं, त्याचा आतला कारभार कुणालाही उघडून वाचता येतो, बदलता येतो. आणि ते लिहिणाऱ्या देशोदेशीच्या मंडळींत धाकटीची थोरली बहीणही होती. आज शुक्रवार होता. साडेतीन वाजले होते.

"वाचते ना. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार रकाने. एकशे अडुसष्ट… एकशे एकाहत्तर… मग आलेखात खड्डा पडलाय गं. साडेआठ ते पावणेनऊ, शून्य! मग परत एकशे एकोणपन्नास. पंधरा मिनिटं रस्ता कुणी गिळला की काय?"

"वहीत? थांब, बघते… वहीतही कोरं आहे. कसं काय? मी तर जागची हललेसुद्धा नाही… काय आठव? काय आठवू?… अगं बाई."

तिने मांडीकडे बघितलं.

"उठलं होतं गं हे. पाजत होते मी. हातातली पेन्सिल कुठे गेली ते कळलंच नाही… मग रकाना रिकामा सोडला. मोजलंच नाही तर भरणार काय?"

"म्हणजे? रिकामं दिसलं की ते शून्य धरतं? असं कुणी लिहून ठेवलं? कोण हा शहाणा?… तू?"

"तू?! … हो, कळलं, रस्त्यावरच्या यंत्रांसाठी. यंत्र काही मध्येच पाजायला बसत नाही. पण ताई, दोन लेकरं वाढवलीस ना तू?… नाही, चिडले नाही. मला काही समजेनासंच झालंय. अर्धा तास राहिलाय."

"ऐक, मी तिथे सरळ एकशे साठ टाकू का? तेवढ्या तर गेल्याच असतील. कोण बघतंय?… नको?… हं… हो, तेही खरंच. एक आकडा मनाचा निघाला तर बाकीचे तीनही खोटे ठरवतील. नको."

"कुठे जाऊ? दातेरी चाकाचं चित्र… हां. ‘रिकामा रकाना म्हणजे शून्य’, इथली खूण काढायची? मी काढू? आणि सगळ्या जगातलं बदललं तर? कुठल्यातरी देशातला सिग्नल बंद पडायचा माझ्यापायी… हसू नकोस, बाळ उठेल… फक्त माझ्याच लॅपटॉपवर ना? नक्की?… काढली."

पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरलं.

"सहाशे एक्कावन्न! ताई, सहाशे एक्कावन्न!… पण शेजारी तारा आलाय. चांगला की वाईट?… म्हणजे तीन रकान्यांवरून अंदाज काढलाय, आणि तसं ते साहेबांनाही सांगणार. मग मान्य करतील?… तुलाही ठाऊक नाही? झालं!"

"आता कारण विचारतंय. यादी आहे. ‘पाऊस’… ‘यंत्र बंद’… ‘मोजणारी व्यक्ती गैरहजर’… गैरहजर कसं लिहू? मी तिथेच होते. गाड्यांचे हॉर्न ऐकत होते… ‘इतर’? ‘इतर’मध्ये लिहू?… साहेब वाचतील ना पण!… वाचू देत म्हणतेस?"

मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत तिने टाइप केलं: बाळाला पाजत होते.

"लिहिलं… पाठवू? पाठवते. गेलं. ‘पाठवलं’ असं आलंय. पावणेचार."

"काय घालतेस यादीत?… आमचं कारण? आत्ता, लगेच?… म्हणजे जगात कुठेही कुणी बाई खिडकीत मोजायला बसली, तर तिला ते आयतं दिसेल? ‘इतर’मध्ये लाजत लिहायला नको?… शब्द मी सांगू? मला काय कळतंय त्यातलं… बरं. ‘बाळ उठलं’. एवढंच लिही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

"नाही गं, रडत नाहीये. नाक चोंदलंय… अगं, थांब. थांब थांब."

खाली पाळणाघराचं दार उघडलं होतं. मावशी फुटपाथच्या कडेला एकट्या उभ्या होत्या. मागे सात-आठ पोरांची रांग, आणि समोरून गाड्यांना खळ नव्हता. धाकटीने तान्ह्याला झोपेतच खांद्यावर टाकलं.

"ताई, ठेव. मुलं सुटली. मावशी एकट्या आहेत… अगं, सिग्नल लागेल तेव्हा लागेल! आत्ता मला खाली जायचंय. ठेव ना!"