केटल हार्बरला डोळ्यांचा डॉक्टर हवा

...आणि वर ती ग्लेंडा मलाच म्हणते, "व्हर्ना, तू नुसतं मनापासून बोल, गाव आपोआप विकलं जाईल." अगं, गाव म्हणजे काय बटाटे आहेत विकायला? की जरा पुसून, डाग लागलेली बाजू खाली करून टोपलीत मांडले आणि गिऱ्हाईक आलं? आणि मनापासून बोलायचं तर मनात काय काय आहे ते हिला माहीत आहे का? गाव चांगलंच आहे हो, मी कुठं नाही म्हणते? पण तुम्हाला सांगते, चांगल्या गावात राहून माझी कंबर मोडली ती मोडलीच.

कशी ते ऐका. आमच्या ऑनीच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, दोन्ही डोळ्यांना दर महिन्याला इंजेक्शन. हो, डोळ्यातच. तुम्ही तोंड वाकडं केलंत ना, मीही केलं होतं, आता सवय झाली. पडद्यामागं रक्त झिरपतं म्हणे, ते थांबवायला. आणि ते देणारा डॉक्टर कुठं? तर ग्रीन बे शहरात. म्हणजे इथून जंगलातून चार तास दक्षिणेला, वाटेत हरणं आडवी येतात, लाकडं नेणारे ट्रक अंगावर येतात, फोनला रेंज नाही, आणि ऑनीला गाडी चालवायची बंदी, म्हणजे चालवायची कुणी? मी. गेल्या हिवाळ्यात रस्ताच बंद झाला. एकदा नाही, लागोपाठ. खेपा बुडाल्या. मार्चमध्ये पोचलो तर तिथला डॉक्टर दिवा मारून बघतो, परत बघतो. म्हणाला, आणखी अशा दोन-चार खेपा चुकल्या तर मी काही करू शकणार नाही.

तर अशात आमच्या इथल्या हॉस्पिटलनं ठरवलं की डोळ्यांचा डॉक्टर आणायचा. इथंच. केटल हार्बरला. ह्युस्टनची एक बाई, डॉक्टर मरीसोल कॅव्हासोस, यायला तयार आहे, पण आधी दोन दिवस राहून बघणार, की इथं जगणं कसं आहे. त्याला ग्लेंडा 'जीवनमान' म्हणते. हॉस्पिटलात माणसं आणायचं काम तिचं. शब्द तिच्याकडे फार. तिनं काय करावं? तर म्हणे पाहुणीला एक दिवस एखाद्या साध्या, खऱ्याखुऱ्या कुटुंबात जेवायला घालायचं. आणि साधं, खरंखुरं कुटुंब कोण? तर आम्ही. का? तर बाकी सगळे एप्रिलमध्ये फ्लोरिडाला गेलेले.

एप्रिल. आता बघा, माणसानं आमच्याकडे यावं कधी? जुलैत. सप्टेंबरमध्ये, झाडं लाल होतात तेव्हा. जानेवारीतसुद्धा चालेल, निदान सगळं पांढरंशुभ्र असतं, माणूस म्हणतो, अहाहा. एप्रिलमध्ये काय असतं? एप्रिलमध्ये बर्फाचे ढीग काळे पडतात, वितळतात, आणि सहा महिन्यांत लोकांनी जे जे टाकलं ते सगळं वर येतं. एक हातमोजा. अर्धं कुंपण. आमच्या शेजाऱ्याचं ख्रिसमसचं हरीण, दिव्यांचं, तोंड चिखलात. गाव चांगलंच आहे हो, पण एप्रिलमध्ये ते कुणाला दाखवू नये. पण डॉक्टरीणबाईंची रजा एप्रिलमध्ये, मग करता काय?

मी आणि ग्लेंडा तिला विमानतळावर आणायला गेलो. दिवसातनं एक विमान येतं, तेही मनात आलं तर. त्या दिवशी आलं, हे एक नशीब. बाई उतरल्या, चाळिशीच्या, बारीक, अंगात एक कोट... कोट कसला, ह्युस्टनमध्ये त्याला कोट म्हणत असतील. मी गाडीतली घोंगडी दिली. ग्लेंडा म्हणाली, आधी आपण टेकडीवर जाऊ, तिथून सुपीरियर सरोवर दिसतं, ते बघून लोक रडतात. गेलो. धुकं. असं धुकं की मला ग्लेंडा दिसेना. ग्लेंडा हात पसरून म्हणते, "आणि हे बघा, आपलं सरोवर." डॉक्टरीणबाई बघतायत. बराच वेळ बघून त्यांनी सभ्यपणे विचारलं, "कुठल्या बाजूला?"

मग धबधबा. धबधब्याचा रस्ता चिखलामुळं बंद. मग बंदरावरचं ते माशांचं हॉटेल. दारावर पाटी, मे महिन्यात भेटू. मग जुनं नाटकगृह, त्याची डागडुजी चाललीय, माझ्या लग्नाच्या आधीपासून चाललीय. ग्लेंडाचा आवाज दर थांब्याला एक पट्टी वर चढत होता. "इथं माणसं फार प्रेमळ आहेत," असं ती म्हणाली तेव्हा रस्त्यावर माणूस नव्हता. गाव चांगलंच आहे हो. बंद होतं, एवढंच.

शेवटी हॉस्पिटल दाखवून आमच्या घरी आलो. म्हणजे आता सगळा भार माझ्या जेवणावर. मी सकाळपासून पास्टी केल्या होत्या, खिमा, बटाटा, कांदा, रुटाबागाचा कंद पिठाच्या पारीत भरून, कड मुडपून, चांगल्या तळहाताहून मोठ्या. वेलदोड्याचा पाव केला. आणि ऑनीला बसवून समजावलं होतं. म्हटलं, ऑनी, हे तुझ्या डोळ्यांसाठी चाललंय. बर्फाचं बोलणं काढायचं नाही. डासांचं काढायचं नाही. विमानाचं तर अजिबात काढायचं नाही. तो म्हणाला, बरं. आता आमचा ऑनी म्हणजे तुम्हाला सांगते, खनिज वाहणाऱ्या बोटींवर आयुष्य गेलं, बोलायचं म्हटलं की ह्याला पैसे पडतात. बेचाळीस वर्षं संसार केला, त्यातलं ह्याचं बोलणं सगळं मिळून एका चहाच्या वेळात संपेल. तेव्हा मी निर्धास्त होते. म्हटलं, गप्प तर बसेल.

जेवायला बसलो. ग्लेंडा धबधब्याचे फोटो दाखवतेय. बाई निमूट खातायत. मग त्यांनी काटा खाली ठेवला आणि सरळ ऑनीकडे वळून विचारलं, "मिस्टर कांगस, सगळे मला चांगलं काय आहे ते सांगतायत. इथं वाईट काय आहे?"

बर्फाचं काढायचं नाही, डासांचं नाही, विमानाचं नाही, एवढं मी सांगितलं होतं. पण खोटं बोल असं मी सांगितलं नव्हतं, ती माझी चूक. ऑनीनं तोंड पुसलं आणि सुरू झाला. अहो, सुरू झाला म्हणजे काय! बर्फ ऑक्टोबरला धरतो, मे महिन्यातही पडल्याचं त्यानं पाहिलंय, छपरावरचा उपसला नाही तर छप्पर खाली येतं. बर्फ गेला की काळ्या माश्या, माश्या गेल्या की डास, डास गेले की परत बर्फ. विमानावर भरवसा ठेवून कुणी लग्नाला निघू नये. नोव्हेंबरमध्ये नळ फुटला तर फुटू द्यावा, कारण नळवाला शिकारीला गेलेला असतो. शिकलेली पोरं जातात, आमची मुलगी डेन्व्हरला आहे, जुलैत येते, ऑगस्ट लागायच्या आत पळते. आणि ज्याचे आजोबा इथं पुरलेले नाहीत तो मरेपर्यंत पाहुणा. "तुम्हाला लोक पाव आणून देतील," असं म्हणाला, "पण घरात बोलावणार नाहीत."

मी टेबलाखालून लाथ मारली. ती डॉक्टरीणबाईंना लागली. त्यांनी पाय मागं घेतला आणि ऐकत राहिल्या. ग्लेंडाच्या हातातला फोन बंद पडला तरी ती त्यावर बोट फिरवत होती.

बाईंनी विचारलं, "मग तुम्ही इथं का राहता?"

आता इथं तरी काही बरं बोलायचं की नाही? सूर्यास्त म्हण, शेजारीपाजारी म्हण, गेला बाजार हवा स्वच्छ आहे म्हण. ऑनीनं इतका विचार केला की पास्टी गार झाली. मग म्हणाला, "कुणी आजवर विचारलं नाही." आणि कॉफी ओतायला लागला.

कॉफी ओतताना त्यानं कपात बोट घातलं. कडेशी, आतल्या बाजूनं. बोटाला चटका बसला तसा थांबला. माझ्या डोळ्यांदेखत तो रोज असाच ओततो आणि मी रोज त्याला म्हणते, काय ही घाणेरडी सवय. डॉक्टरीणबाईंनी मात्र बघितलं आणि त्यांचा आवाजच बदलला. हळू विचारलं, "केव्हापासून?"

"थंडीपासून."

"मधलं काही दिसत नाही?"

"कडा दिसतात. मध्ये धूर."

"ह्यांचा चेहरा?"

ऑनी माझ्या बाजूला वळला. म्हणजे मला वाटत होतं तो माझ्याकडे बघतोय, पण तो बघत होता माझ्या कानाच्या जरा पलीकडे. म्हणाला, "कुठं बसलीय ते आवाजावरून कळतं. रागावलीय तेही कळतं."

तुम्हाला सांगते, मी उठले आणि सिंकपाशी जाऊन नळ सोडला. सगळा हिवाळा मी ह्या माणसाकडे बघून डोळे वटारतेय. नाक मुरडतेय. लोकांसमोर खुणा करतेय, की आता निघू या, आता गप्प बस. आणि ह्याला त्यातलं काही दिसतच नव्हतं. आणि मला म्हणाला नाही. का नाही म्हणालास, म्हणून मी नंतर विचारलं, तर म्हणे, सांगितलं असतं तर तू बर्फातसुद्धा गाडी काढली असतीस. काढली असती. हो, काढली असती.

बाई दुसऱ्या दिवशी गेल्या. विमान रद्द. अर्थातच. ग्लेंडानं स्वतः गाडीनं त्यांना चार तासांवरच्या ग्रीन बेला नेऊन सोडलं. पुढं काहीच कळेना. ग्लेंडा दुकानात दिसली की दुधाच्या कपाटाआड व्हायची. मी ऑनीशी बोलत नव्हते, म्हणजे बोलत होते, पण फक्त कामापुरतं, आणि त्याला वाटलं शांतता किती छान आहे. गाव चांगलंच आहे हो, मी कुठं नाही म्हणते, पण मला रात्रंदिवस एकच दिसत होतं, की नोव्हेंबर येणार, रस्ता बंद होणार, आणि ह्याच्या कडासुद्धा जाणार. मी मुलीला फोन केला. म्हटलं, तुझ्याकडे तळघरातली खोली रिकामी आहे का गं? ती म्हणाली, "आई, बाबा इथं काय करणार?" बरोबरच आहे. डेन्व्हरला तो काय करणार? पण आंधळा होऊन तरी इथं काय करणार?

आणि जूनमध्ये ग्लेंडा दारात. रडतेय. म्हटलं, संपलं. तर म्हणते, येतेय ती! सप्टेंबरपासून. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं, विचारलं, का? खरंच विचारलं हो, मला कळायला हवं होतं. धुक्यातलं सरोवर आवडलं? पास्टी आवडली? ऑनीचा खरेपणा?

तर म्हणे, पार्किंग.

ह्युस्टनमध्ये त्या बाईचे रोजचे तीन तास गाडीत जातात. इथं हॉस्पिटलपासून आमच्या घरी येताना गाडीतलं गाणं संपायच्या आत घर आलं, आणि दारात गाडी लावायला जागा होती. तेव्हाच त्यांचं अर्धं मन झालं होतं म्हणे. आणि उरलेलं अर्धं? ते ग्लेंडानं विचारलं होतं. तर म्हणाल्या, मिस्टर कांगसांची तपासणीची पहिली वेळ आधीच धरून ठेवा. एवढंच. मी पहाटे उठून पीठ मळलं होतं, आणि कामाला आली मोकळी जागा.

आल्या, पण. सप्टेंबरात आल्या, जाड कोट घेऊन आल्या. ऑनीचं इंजेक्शन आता इथंच. नाश्त्याआधी निघायचं, नाश्त्याला परत. डोळे आणखी बिघडायचे थांबले, उलट मधला धूर जरा विरळ झालाय म्हणतो. मला अगदी सणासारखं वाटलं. हरणं नाहीत, ट्रक नाहीत, पाठ दुखत नाही. सुखी माणसाला आणखी काय लागतं?

तर परवा बघते, हा खिडकीशी कोट घालून बसलाय. म्हटलं, कुठं निघालास? कुठं नाही. मग कोट? काही नाही. दहा-बारा वेळा विचारल्यावर तोंडातून निघालं, "ग्रीन बेला जायचो ते बरं होतं."

मी म्हटलं, काय बरं होतं रे त्यात? आठ तास गाडी चालवून माझा जीव जायचा.

"तू बोलायचीस."

"मी घरीही बोलतेच की. लोक माझ्या बोलण्याला कंटाळतात."

"घरी तू बोलता बोलता उठून जातेस," ऑनी म्हणाला. "वॉशिंग मशीन, फोन, ओव्हन. मी वाक्याच्या पुढच्या भागाची वाट बघत बसतो. गाडीत तू शेजारीच असायचीस."

आता ह्या माणसाला काय म्हणावं? ज्याच्यासाठी मी डॉक्टरीणबाईंना लाथ मारली, पाहुणी आणली, पीठ मळलं, त्याला काय हवं, तर रस्ता.

तर उद्या सकाळी निघतोय आम्ही ग्रीन बेला. दुपारनंतर बर्फ सांगितलाय, फावडं डिकीत टाकलंय, थर्मास भरायचाय. आणि तिथं काय काम आहे म्हणून विचारू नका. काही काम नाही.