सर्व्हरले लावलेलं कुंकू

हरिदास : तीनदा बंद-चालू केलं न दामिनी! तरी नेटवर्कचा पत्ता घेऊनच नाई राह्यला तुहा तो सर्व्हर. जिनिंगच्या वजनकाट्यावरची एक पावती निघत नाई. आज कापूस खरेदीचा मुहूर्त, अन् देवळीच्या फाट्यापर्यंत गाड्या लागल्या!

दामिनी : तुमचा भाचा काय करून राह्यला? माह्या खुर्चीत बसवलं न त्याले.

हरिदास : फोनच नाई उचलत तो. लिनक्समधलं त्याले बिलकुल समजत नाई. तूच बसवलं होतं ते.

दामिनी : बसवलं मी, काढलं तुमी. टाइप करा. आयपी, जागा सोडून ए.

हरिदास : केलं. नो कॅरिअर लिहून आहे.

दामिनी : म्हनजे तार लावून असली तरी आत काहीच पोचून नाई राह्यलं. पत्ता देणारा राऊटर तयार आहे, याचं मागणंच जात नाई त्याच्यापर्यंत. मागं जाऊन पाहा. तारेजवळ हिरवा दिवा आहे?

हरिदास : नाई बाई.

दामिनी : तार काढा, ती जिथून निंगाली त्या तोंडात टॉर्च मारा. काय दिसते?

हरिदास : लाल आहे काहीतरी... कुंकू. दसऱ्याची पूजा केली न परवा. नारळही भाच्यानं त्याच्यावरच फोडला.

दामिनी : चिखल झाला कुंकवाचा. मागच्या दसऱ्याले मी काय म्हनलं होतं? कुंकू समोर पाटावर वाहा, मशीनले लावू नका.

हरिदास : जाऊ दे न मागचं. पुसून टाकू का?

दामिनी : पुसाल तर आतल्या पिना वाकतीन. उपाय दोन मिनिटांचा आहे. पहिले सांगा, तवा तुमी भोंग्यावर काय बोलले होते?

हरिदास : रागात निंगालं तोंडातून, पोरी.

दामिनी : मी सांगते. 'गोंडाच्या पोरीले मशीनचा देव काय समजते!' माही माय भागाबाई तवा तुमच्याच आवारात कापूस निवडत होती. सगळ्या बाया हसल्या. त्या दिवसापासून तिनं तुमच्या फाटकात पाय नाई ठेवला.

हरिदास : माफ कर मले. झालं?

दामिनी : फोनवर नको. भोंगा तिथंच आहे. तिचं नाव घेऊन बोला. माय बाजूले बसली आहे, मी फोन स्पीकरवर टाकते.

हरिदास : एवढ्या कास्तकारायसमोर? अण्णाजी मालक फाटकाजवळ उभे आहेत!

दामिनी : तवाही उभे होते.

हरिदास : तू माही इज्जत काढून राह्यली.

दामिनी : हो. वर्षभर वाट पाह्यली मी याची. ठेवू फोन?

(भोंग्याची खरखर.)

हरिदास : आयका... मी हरिदास, जिनिंगचा मॅनेजर. मागच्या दसऱ्याले दामिनीले अन् तिच्या समाजाले मी जे बोललो, ते चुकीचं होतं. पोरीचंच बरोबर होतं. भागाबाई, माफ करा.

भागाबाई : आवाज लहान आहे त्याचा. तवा मोठा होता.

दामिनी : आयकलं न भाऊ?

हरिदास : भागाबाई, मले माफ करा! ...गेला आता फाट्यापर्यंत आवाज. सांग न बाई लवकर!

दामिनी : खाली आणखी एक तोंड आहे. त्याच्यात तार लावा. त्याचा नंबरही मी मशीन बसवतानाच राऊटरमंदी लिहून ठेवला होता.

हरिदास : लागला दिवा! पत्ता आला... पावती निंगाली! येजो पोरी उद्यापासून, खुर्ची तुहीच.

दामिनी : नाई येत. पुढच्या दसऱ्याले कुंकू जपून लावजा, भाऊ. तिसरं तोंड नाई त्याले.