खाटेखालची ओल

दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर शेजारच्या दोघींचं बोलणं पडत होतं.

"सासूबाईंच्या खाटेखाली रोज ओल यायची. त्यांना वाटलं, रात्री उठताना आपल्यालाच लघवी होतेय. गुपचूप पुसायच्या. एकदा मी पाहिलं, तर रडायलाच लागल्या."

"अगं बाई! मग?"

"प्लंबरला बोलावलं. त्यानं कानाला यंत्र लावून सगळी जमीन ऐकली. म्हणाला, 'आजी, खाली पाइप गळतोय.'"

"म्हणजे घरभर फोडाफोडी!"

"छे! नेमक्या जागची एकच फरशी अलगद काढली, पाइप सांधला आणि तीच परत बसवली."

"आणि सासूबाई?"

"'नक्की पाइपच ना रे?' असं त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. मग गॅलरीत जाऊन शेजारणीला ओरडून सांगितलं, 'अहो, आमचा पाइप फुटला होता!' जणू पणतूच झालाय!"