बाहत्तर तास टिकणारा माणूस

…आणि वर मलाच विचारतात, तुम्हीच तर लिहून दिलं होतंत ना? दिलं होतं हो, नाही कुठे म्हणतोय, अक्षर माझं, खाली सहीसुद्धा चांगली वळणदार केलीये. पण धंदेवाला माणूस लिहून काय काय देतो, ते सगळं खरं धरून कोणी त्याची वीज तोडतं का? तुम्हीच सांगा. म्हणजे नियम चांगला आहे, नियमाबद्दल माझं काही म्हणणं नाही…

तर माझं आईस्क्रीमचं शीतगृह. नदीच्या अलीकडे मी, आणि पलीकडे, म्हणजे थेट दुसऱ्या देशात, माझ्या साडूचा बर्फाचा कारखाना. मधे पूल, पुलावर चौकी. आम्ही दोघे सख्ख्या बहिणींचे नवरे, देश तेवढे दोन. आता दोन्ही सरकारांनी मिळून ठरवलं की विजेचं संकट काही पासपोर्ट दाखवून येत नाही, एकाकडे अंधार पडला की दुसऱ्याचेही दिवे मिणमिणतात, तेव्हा आधीच एकत्र बसून लिहून ठेवू या: काय काय बिघडू शकतं, चाहूल लागली की शेजाऱ्याला कधी कळवायचं, आणि वीज कमी पडलीच तर आपापल्या पदराखाली न दडवता दोघांनी कशी वाटून घ्यायची. शहाणपणाचीच गोष्ट. त्यासाठी दोन्हीकडच्या प्रत्येक धंदेवाल्याला एक अर्ज आला, आणि त्यात खरा प्रश्न एकच: वीज गेल्यास आपण किती तास तग धराल?

मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस, पण बाजारानं एक शिकवलंय, सरकारी कागदावर आपला कमीपणा आपल्या हातानं लिहायचा नाही. उद्या परवान्यावर बोट ठेवलं तर? आता तुमच्यापासून काय लपवायचं, दार घट्ट लावून ठेवलं तर माझा माल आठ तास उभा राहतो, नवव्या तासाला कडा सुटतात, दहाव्याला डब्यातल्या डब्यात बसकण मारतो. मी लिहिलं, बाहत्तर. बायको शेजारीच होती, म्हणाली, "अहो, बाहत्तर?" मी म्हटलं, असू दे, आकडा जरा भरीव दिसतो.

आणि साडूनं काय लिहिलं? अर्धा तास! तो पहिल्यापासून रडका. पोटभर जेवून उठला तरी तोंड उपाशी माणसाचं.

आता मला काय स्वप्न पडलं होतं, की याच आकड्यांवरून यादी होणार, दोन्ही देशांची मिळून एक, आणि जो जास्त तग धरेल त्याची वीज आधी बंद? मागच्या पानावर छापलं होतं म्हणे. मागचं पान वाचतं का हो कोणी? पण नियम चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही…

मग गेल्या महिन्यात ती उष्णतेची लाट आली. नदी इतकी आटली की दोन्हीकडची मोठी वीजकेंद्रं धापा टाकायला लागली. सकाळी अकराला वीज कचेरीतल्या चष्मेवाल्या बाईंचा फोन. आवाज असा मऊ, जसं काही वरसंशोधनाची बोलणी करतायत. म्हणाल्या, संकट जाहीर झालंय, आणि संयुक्त यादीत तुमचा पहिला नंबर आहे. तुम्हाला सांगतो, मला क्षणभर आनंद झाला. उभ्या आयुष्यात पहिला नंबर आला नव्हता कधी! तेवढ्यात कॉम्प्रेसर बंद पडला…

म्हटलं, बाई, किती वेळ? तर म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत, पण तुम्हाला काय काळजी, तुम्ही बाहत्तरवाले. म्हटलं, अहो, पण माझी वीज जातेय कुठे? तर इस्पितळात, नव्या बाळांच्या काचेच्या पेट्यांना. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही! नियम चांगला आहे हो…

आता संबंध हंगामाचा माल आत. मी दर दहा मिनिटांनी दार किलकिलं करून बघायचो, अजून घट्ट आहे का. बायकोनं चार वेळा पाहिलं, पाचव्या वेळी खुर्ची आणली आणि दाराला पाठ लावून बसली. म्हणाली, "तुमच्या बघण्यानं ते गोठणार नाहीये. लांब व्हा." मग मी बाहेर येरझारा घालायला लागलो, जसं काही आत बाळंतपण चाललंय.

तीन वाजता साडूचा फोन. त्याचा कारखाना चालू! अर्ध्या तासवाला ना तो, यादीत शेवटून दुसरा. म्हणतो कसा, "भाऊसाहेब, तुमच्या विजेवर बर्फ फार सुरेख जमतोय हो."

राग गिळला. आठ तास म्हणजे सात वाजता खेळ खलास. म्हटलं, साडूभाऊ, दोन ट्रक बर्फ पाठव. तो म्हणाला, "कशाला? तुम्ही तर बाहत्तर ना?" आणि गप्प बसला. फोनवर माणूस गप्प बसून हसतो ना, तसा. शेवटी कबूल करायला लावलंन मला, आठ म्हणून. साडूपुढे! मग पाठवला.

आणि आता पुलाची गंमत ऐका. वीज पलीकडे जाते, तिला कोणी थांबवत नाही, नाव विचारत नाही. बर्फाला मात्र चार शिक्के! ट्रक उन्हात रांगेत, मी चौकीवर. शिपाई विचारतो, आत काय आहे? म्हटलं, तुम्ही कधी विचारताय त्यावर आहे, आत्ता बर्फ आहे, थोड्या वेळानं पाणी. तो म्हणाला, पाण्याचा फॉर्म वेगळा. मी म्हटलं, दोन सरकारांचा मदतीचा करार आहे. तो म्हणाला, करार विजेचा आहे, त्यात बर्फ कुठे लिहिलाय? नव्हताच लिहिलेला. नियम चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही… पावणेसातला ट्रक दाराशी लागले. निम्मा बर्फ रस्त्यानं पिऊन टाकला होता, उरलेला आम्ही नवराबायकोनं हातोहात रचला, वर घरातल्या झाडून साऱ्या रजया टाकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली. दाराजवळची एक रांग बसली, बाकी माल वाचला.

नियमात असंही आहे की संकट सरलं की सगळ्यांनी बसून अहवाल वाचायचा, काय चुकलं, काय साधलं. पंधरा दिवसांनी सभा. चष्मेवाल्या बाई उठल्या आणि वाचायला लागल्या, या शीतगृहानं सव्वीस तास तग धरून दोन्ही देशांपुढे आदर्श ठेवला. टाळ्या! पलीकडच्या बाकावर साडू सगळ्यांत जोरात वाजवतोय.

मग नवा अर्ज हातात दिला. बाई हळूच म्हणाल्या, "आकडा बदलायचा असेल तर हीच वेळ आहे, बरं का." चांगली बाई हो, तिला सगळं कळलं होतं. मी पेन उघडलं, 'आठ' लिहायला हात टेकवला… आणि मागून खांद्यावर एक मान आली. हॉटेलवाला. त्याच्यामागे कॅन्टीनवाला. माझी दोन्ही मोठी गिऱ्हाईकं, टाचा उंच करून बघतायत. हॉटेलवाला म्हणाला, "सव्वीस तास म्हणजे कमाल केलीत शेठ, म्हणूनच आम्ही डोळे झाकून तुमच्याकडे माल ठेवतो."

आता तुम्हीच सांगा. वीज काय, गेली तर दुसऱ्या दिवशी परत येते. गिऱ्हाईक येतं का?

लिहिलं, बाहत्तर. सही केली. आणि बाहेर पडताना साडूला कोपऱ्यात गाठून म्हटलं, पुढच्या वेळचे दोन ट्रक आत्तापासूनच बाजूला काढून ठेव, आणि हे बघ… पुलाच्या अलीकडे ठेव.