डावीकडचं जाळं

जोगळेकरचं नाव काढलंत म्हणून सांगतो. ऑकलंडला आल्यापासून हा गृहस्थ एकदाही बर्फावर उभा राहिलेला नाही. पण पोरगी ज्युनिअर आइस हॉकी लीगमध्ये गेली आणि हा आम्हा बाकीच्या आईबापांना गेम शिकवायला लागला. "बेसिक्स क्लिअर पाहिजेत रे."

मॅचभर याची मान मोबाइलमध्ये. आरडाओरडा झाला की वर बघायचं, आणि डावीकडच्या जाळ्यात गोल झालेला दिसला की टाळ्या. कारण डावीकडचं जाळं समोरच्या टीमचं, हे याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलेलं. लहान मुलांच्या मॅचला स्कोअरबोर्ड लावत नाहीत, त्यामुळे निकालही हाच जाहीर करायचा. कोण वाद घालणार?

सीझनच्या शेवटच्या मॅचला तर पेढे घेऊन आला. पोरगी हेल्मेट काढून आली, तसा याने डबा पुढे केला. "घे. जिंकलात."

ती नेहमीसारखी इंग्लिशमध्ये म्हणाली, "बाबा, आम्ही हरलो. दर पिरिअडनंतर बाजू बदलतात."

"म्हणजे मी सीझनभर..."

"आमच्यावर गोल झाले तरी टाळ्या वाजवल्यास. सगळ्या टीमला माहितीये."

"मग सांगायचं नाही का कुणी?"

तिने शांतपणे पेढा उचलला. "कोच नको म्हणाला. सांगितलं तर तू मॅच बघायला लागशील."