तिसऱ्या अल्बममधली सनई

आमचा बाळकुमचा दिन्या माहितीये ना? परदेशी रॉकमध्ये स्वतःला मास्तर समजायचा. एका बँडचे झाडून सगळे अल्बम त्याच्याकडे, आणि मी नवखा. त्याने बजावलेलं, "क्रमाने ऐकायचे. मधला एकही सोडायचा नाही." मी डोंबिवलीहून कोऱ्या कॅसेट घेऊन जायचो, तो भरून द्यायचा.

तिसऱ्या अल्बमचं शेवटचं गाणं वीस मिनिटांचं. ते संपलं आणि अचानक सनई! मी खलास. दिन्याला म्हटलं, "काय डेरिंग आहे रे, शेवटी चक्क सनई!"

त्याने जाणकारासारखी मान हलवली. मग म्हणाला, "तो त्यांचा प्रयोगांचा काळ. पचायला जड जातो."

रविवारी तो घरी आला. आम्ही दोघं डोळे मिटून, माना डोलवत ती सनई ऐकतोय, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अरे मेल्या, ही ताईच्या लग्नाची कॅसेट! कोरी समजून दिलीस की काय? मंगलाष्टकं कुठे गेली?"

मी गारच पडलो. दिन्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

म्हणाला, "काकू, ती चौथ्या अल्बममध्ये आहेत."