सासूबाईंच्या खोलीमागची टकटक

...नाही, पण तुम्हीच सांगा, अंड्यानं हातात थरथरावं का? अंड्यानं! मी आपली नेहमीसारखी खुराड्यात हात घालते, पेंढ्यातून अंडं उचलते, तर ते गरम, मऊ, ओलसर... कवच म्हणून नाहीच वर, नुसती एक पातळ कातडी, आणि आत काहीतरी डुचमळतंय! बोटं जराशी आवळली तर ते आत दबलं, आणि सोडली तर परत फुगलं, श्वास घेतल्यासारखं! किंचाळले मी. मी घाबरट नाही हां, आधीच सांगून ठेवते. पाल दिसली की घरात सगळे खुर्चीवर चढतात आणि झाडू घेऊन मी पुढे होते. पण दबणारं अंडं? त्याला झाडू मारायचा की नमस्कार करायचा, कळायला नको?

आता तुम्ही म्हणाल, कोंबड्या पाळल्यात कशाला. मी कुठे पाळल्यात हो! कोंबड्या सासूबाईंच्या. मागच्या अंगणात खुराडं त्यांचं, खाणं-पाणी त्यांचं. मी जवळ जरी गेले तरी आवाज यायचा, "तू स्वयंपाकघर बघ. इथलं तुला जमायचं नाही." बरं बाई, नाही जमायचं! आणि मग एके सकाळी त्या खुर्चीवरून उठायला गेल्या आणि मांडीचं हाड मोडलं. पडल्या नाहीत, घसरल्या नाहीत, नुसत्या उठल्या! दवाखान्यात नेलं, त्या परत आल्याच नाहीत. ह्यांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, आईच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मी म्हटलं, "अहो, आवरायला तरी..." तर म्हणाले, "राहू दे." ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, अख्ख्या गावाला दिसायला लावतात, पण घरात स्वतः डोळे मिटून बसले. खोली बंद, माणूस बंद, आणि कोंबड्या माझ्या गळ्यात!

पण मी काय त्यांना उपाशी ठेवलं? उलट लाड केले! उरलेला भात, शिळा पाव, मूठमूठ मका... माझी चाहूल लागली की धावत यायच्या. त्यात एक ठिपक्यांची, तिला सासूबाई 'मास्तरीण' म्हणायच्या, कारण ती अंगणात तपासणीला आल्यासारखी फिरायची. खायची पण माझ्याकडे असं मान वाकडी करून, एका डोळ्यानं बघायची... आणि ते बघणं, खरं सांगू, थेट सासूबाईंचं! भाजीत मीठ कमी पडलं की त्या बघायच्या ना, ते.

तर अंडी अशी मऊ व्हायला लागली. आज एक, उद्या दोन, कधी खाली पडून फुटलेलं, नुसती कातडी पेंढ्याला चिकटलेली. आणि तेवढ्यात सुरू झाला आवाज.

दुपारची वेळ. हे जेवायला घरी आलेले, ताटावर बसलेले, सगळं शांत... आणि बंद खोलीतून, टक. टक टक. टक. सासूबाई पलंगावरून काठी आपटायच्या ना, "चहा झाला का गं?" तश्शी! माझ्या हातातला डाव वरणासारखा पातळ... काय बोलतेय मी, वरण सांडलं डावातलं! ह्यांच्याकडे बघते तर हेही घास हातात धरून बसलेले. "ऐकलंत?" "काय?" "काही नाही." "काहीच नाही," असं म्हणून पाणी प्यायले, आणि न जेवता उठले. मी घाबरट नाही हां! पण त्या दिवसापासून त्या दारासमोरून जाताना मी पदर सावरून जायला लागले. कुणासाठी? ते विचारू नका.

शेजारच्या काकूंना सांगितलं, ती माझी चूक. काकू कानाशी येऊन कुजबुजल्या, आणि काकूंची कुजबुज म्हणजे चार घरांना ऐकू जाते, "अगोऽऽ, काहीतरी मनात राहिलंय त्यांच्या. मागतायत काहीतरी. जिवंतपणी सूनबाईशी बोलल्या नाहीत ना मोकळं..." आता झोप येईल का माणसाला? मी बंद दारापाशी जाऊन हळूच विचारलंसुद्धा, "काय हवंय तुम्हाला?" आतून काय यावं? टक!

मग एक दिवस मास्तरीण उठेचना. अंगणाच्या कोपऱ्यात पाय पसरून, पंख टेकवून पडलेली. मी उभी केली, तर पाय कापडासारखे. पुन्हा केली, पुन्हा खाली. आणि तो डोळा... आता माझ्याकडे बघतच नव्हता हो. मला एकदम दवाखान्यातली खाट आठवली. मी हाक मारली तर हे अनवाणी पळत आले. जो माणूस दुकान सोडून आपल्या सर्दीचं औषध आणायला जात नाही, तो जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला!

डॉक्टरीणबाई तरुण, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बोलणं झटपट. "खायला काय देता?" मी कौतुकानं सांगितलं, भात, पाव, मका. "म्हणजे पोट भरतंय. कवच कशाचं करणार? अहो, अंड्यागणिक कवच लागतं, कवचाला कॅल्शियम लागतं. बाहेरून मिळालं नाही, तरी अंडी थांबत नाहीत लगेच. ती स्वतःच्या हाडांतून काढते. काढत राहते, काढत राहते... आणि मग पाय उभे राहत नाहीत."

हे खाली बघत होते. मग एकदम म्हणाले, "आईच्या वेळी हाडांचे डॉक्टर हेच म्हणाले होते. आतून पोकळ झालीत म्हणाले. पाच मुलं झाली तिला, स्वतःच्या ताटात दूध घेताना कधी पाहिलं नाही मी." एवढं सलग बोलणं ह्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं!

आणि तेवढ्यात... टक. टक टक.

मी डॉक्टरीणबाईंचा दंडच धरला. "ऐकू येतंय ना? तुम्हालाही येतंय ना?" "येतंय की," म्हणाल्या आणि निघाल्या सरळ खोलीच्या मागे. तिथे भिंत आणि कुंपणाच्या मधे एक बोळ आहे, माणूस आडवा होऊनच शिरेल असा. आम्ही वाकून बघितलं. तीन कोंबड्या ओळीनं उभ्या, आणि भिंतीचा चुना खातायत! टक, टक, टक! कोंबडीची मान पोचते तिथवर भिंत सोलून लाल विटा उघड्या पडलेल्या. "बिचाऱ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जे हवंय ते भिंतीत शोधतायत."

मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायलाच लागले. "मला वाटलं, आईंची काठी." तर हे म्हणतात, "मला वाटलं, आई टरफलं कुटतेय." मी म्हटलं, "कसली टरफलं?" "अंड्यांची. वाळवायची, तव्यावर भाजायची आणि दुपारी खोलीत बसून खलबत्त्यात कुटायची, कोंबड्यांसाठी. लहानपणापासून ऐकत आलोय." आता बोला! मी इकडे भुताच्या धाकानं वाळतेय, आणि ह्यांना टरफलांचं सगळं ठाऊक! अहो, पण विचारलं कुणी?

डॉक्टरीणबाईंनी मास्तरणीच्या चोचीत थेंबथेंब औषध सोडलं. म्हणाल्या, "इतर कोंबड्या टोचतील हिला. वेगळं ठेवा. शांत, उबदार खोली आहे का?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं, खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. आत उशीवर अजून खळगा होता. ह्यांनी जुनं पांघरूण पलंगावर पसरून मास्तरणीला अलगद ठेवलं आणि तिथेच खाली बसले, पाठीवरून बोट फिरवत. दुकान त्या दिवशी उघडलंच नाही.

जगली हो मास्तरीण! आधी एक पाय रोवला, मग दुसरा. आता अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य आणतो, भात-पाव अगदी चवीपुरता, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, जिला जेवढा हवा तेवढा तिनं खावा. टरफलं हे स्वतः कुटतात. अंडी अशी टणक झालीत की फोडायला दोनदा आपटावी लागतात. मी घाबरट नाही हां, पण डॉक्टरीणबाईंचं ते 'काढत राहते, काढत राहते' काही डोक्यातून जात नाही. भांडी घासताना मधेच आठवतं, आणि मी नळ तसाच सोडून उभी राहते.

आणि मास्तरीण? बरी झाली म्हणून खुराड्यात सोडली, तर संध्याकाळी तुरुतुरु चालत परत पलंगावर! रोज उशीच्या खळग्यात अंडं घालते. परवा नणंद राहायला आली, पिशवी घेऊन उभी, "मी कुठे झोपू?" हे म्हणाले, "बाहेरच्या खोलीत गादी घालतो. आतली आहे तिची." आणि नणंद, जी माझ्या माहेरच्यांना कधी पंखासुद्धा लावू देत नाही, ती मुकाट्यानं बाहेर झोपली!

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी एकच मागत होते, एक वेगळी खोली द्या हो. दिली ह्यांनी शेवटी... कोंबडीला!